अप्पा बेहेऱ्यांच्या घरातील एकतीस जागा

घरात गाण्याची बैठक ठेवली असता ते गाणे घरातील कोणत्या जागेवरून सर्वांत चांगले ऐकू येते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहिला आहे. प्रश्न माझा नव्हे. तो रत्नागिरीतील माझे शेजारी अप्पा बेहेरे यांचा आहे आणि त्यावर त्यांनी सात वर्षे काम केले. मी शाळेत भूगोल आणि गणित शिकवीत असल्यामुळे घराचा नकाशा काढणे आणि गुणांची सरासरी करणे ही दोन कामे माझ्याकडे होती. उत्तर शेवटी सांगतो. आधी रीत सांगतो. रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिणाऱ्यास मी वर्गातही गुण देत नसे.

रीत अशी होती. रविवारी दुपारी अप्पा मला बोलावून नेत आणि ओटीच्या पूर्वेच्या भिंतीशी पाटावर बसवीत. ही गवयाची जागा. तेथे मांडी घालून मी मोठ्याने एकोणतिसाचा पाढा म्हणावयाचा. अप्पा काखेत एक उशी घेऊन घरभर फिरत, एकेका ठिकाणी उशी टाकून बसत, डोळे मिटून घेत आणि ऐकत.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

"थांबा!" माजघरातून आवाज येई. "दुणे स्वच्छ आलं. एके जरा घोगरं वाटलं. परत म्हणा."

एकोणतिसाचाच पाढा का, असे मी पहिल्या दिवशी विचारले होते. त्यात सगळी अक्षरे येतात, असे अप्पांचे म्हणणे होते. मी घरी जाऊन तपासले. त्यात ग येत नाही आणि मही येत नाही. हे मी अप्पांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तेवढं गवई बघून घेईल."

अप्पांचा स्वभाव कळण्यासाठी त्यांची नोकरी माहीत असणे आवश्यक आहे. भाट्याला माडांच्या सरकारी बागेत ते तीस वर्षे माडांची मापे घेत होते. खोडाचा घेर, झापांची लांबी, एका पेंडीला लागलेले नारळ. प्रत्येक माडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेला असे आणि अप्पा माडांना क्रमांकानेच ओळखत. "दोनशे अकरा यंदा रुसलाय," असे ते म्हणाले की ऐकणाऱ्याला ते एखाद्या नातेवाइकाविषयी बोलत आहेत असे वाटे. "अंदाज नको, मोजा" हे त्यांच्या तोंडचे ठरलेले वाक्य होते. घरात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या कुसुमवहिनी, "जरा थांबा हं" म्हणाल्या तर अप्पा शांतपणे विचारीत, "जरा म्हणजे किती?"

"तुम्ही विचारायचं बंद कराल इतकं," वहिनी सांगत.

निवृत्त झाल्यावर मोजण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा अप्पांनी घर मोजण्यास घेतले. घर चिऱ्याचे, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, डाव्या हाताला एक लहान खोली आणि मागे स्वयंपाकघर. जांभ्या दगडाची भिंत आवाज खाते आणि कोब्याची जमीन तो परत करते, असा अप्पांचा सिद्धान्त होता. तो बरोबर की चूक हे मला सांगता येणार नाही. मात्र दोन महिन्यांच्या पाढ्यांनंतर ओटी, माजघर आणि लहान खोली मिळून ऐकण्याच्या एकतीस जागा निश्चित झाल्या. प्रत्येक जागी जमिनीवर पांढऱ्या तैलरंगाने क्रमांक घातला गेला आणि एका वहीत प्रत्येक क्रमांकापुढे दहापैकी गुण लिहिले गेले.

गुण तीन परीक्षकांच्या सरासरीने ठरत. अप्पा, मी आणि उस्मानभाई. उस्मानभाई आमच्या पलीकडच्या आळीतले. कुवेतला बारा वर्षे नोकरी करून परत आलेले. ते परीक्षक का, तर बैठकीखाली घालावयाचा गालिचा त्यांचा होता. गालिचा पहिल्यांदा अंथरला तेव्हा त्याच्याखाली आठ क्रमांक झाकले गेले. अप्पा टेप घेऊन गालिच्यावर पुन्हा मापे घेऊ लागले, तेव्हा उस्मानभाई ओटीच्या पायरीवर बसून बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "अप्पा, माडांना नंबर घातलेत ते ठीक. माणसांना कशाला घालता? माड काय रागावून घरी जात नाय."

ही सूचना अप्पांनी ऐकली असती तर बरे झाले असते. कारण निमंत्रणाच्या पोस्टकार्डावर वेळेच्या खाली ते जागेचा क्रमांकही लिहीत. रविवार, सकाळी नऊ. जागा क्रमांक चौदा. हे पत्र ज्याच्या घरी जाई तो शेजाऱ्याचे पत्र पाहण्यास जाई. एका निवृत्त मामलेदारांना तेविसावी जागा आली. त्यांनी बाजारात अप्पांना गाठले.

"अहो बेहेरे, तेवीसला गुण किती?"

"साडेसहा," अप्पा म्हणाले.

"आणि तो पोस्टातला कारकून बसवलात तिथे?"

"नऊला आठ आहेत. पण त्याला उजव्या कानाने जास्त ऐकू येतं, म्हणून नऊ. तुमचं डोकं मी बैठकीत बघितलंय. तुम्ही अर्ध्या तासाने डुलकी घेता. साडेसहा पुरतात."

मामलेदार पुढे दोन वर्षे आले नाहीत. अप्पांना याचे वाईट वाटले, परंतु गुण बदलता येत नाहीत असे त्यांचे मत होते. या बाबतीत मीही त्यांच्याशी सहमत होतो.

बैठक वर्षातून एक, हिवाळ्यात, नेहमी सकाळची. गवई मिरजेचा किंवा कोल्हापूरचा असे. आदल्या दिवशी एस.टी.ने येई, अप्पांकडे उतरे. चाळीसपर्यंत माणसे जमत. एकतीस क्रमांकांवर तीस (एक जागा रिकामी का, ते पुढे सांगतो) आणि उरलेली पायरीवर, "गुणांबाहेर". अप्पांच्या यजमानपणाचे वर्णन मी एका वाक्यात करू शकतो: सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते पाहुण्यांना बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवीत असत. एखाद्याने दाद देताना अंग पुढे झुकवले की अप्पा मागून येऊन त्याला हलकेच मूळ जागी बसवीत. एकदा कोल्हापूरच्या एका गवयाने तान मध्येच थांबवून त्यांना विचारले, "आपण बसत नाही का?"

"माझं बसून झालंय," अप्पा म्हणाले. "एकतीसच्या एकतीस जागांवर. तुमचं चालू द्या."

आता सतराव्या जागेविषयी. ओटी आणि माजघर यांच्या मधल्या खांबापासून वीतभर अंतरावर ही जागा होती. तिला साडेनऊ गुण होते. दहा का नाहीत, असे मी विचारले तेव्हा अप्पांनी उलट विचारले, "मास्तर, तुम्ही निबंधाला पैकीच्या पैकी देता काय?" मी देत नाही. तेव्हा साडेनऊ म्हणजे सर्वोत्तम, हे उभयपक्षी मान्य झाले. परंतु ही सर्वोत्तम जागा कोणालाच दिली जात नसे. पहिल्या बैठकीपासून तेथे एक धुतलेली चादर घातलेली असे आणि ती तशीच उचलली जाई. कोणी बडा पाहुणा येणार असावा, असे लोक समजत. एके वर्षी उस्मानभाई न विचारता तेथे बसले. अप्पांनी त्यांना गालिच्यासकट उठवले नाही एवढेच.

दुसऱ्या बैठकीनंतरच्या आठवड्यात आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर फिरावयास गेलो होतो. तेथे अप्पा आपणहून म्हणाले, "सतरा नंबर कुणाचा, असं लोक तुम्हाला विचारतात ना?"

"विचारतात."

"तुम्ही काय सांगता?"

"मला ठाऊक नाही, असे सांगतो."

"बरोबर सांगता. तो हिचा."

मग त्यांनी जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कुसुमवहिनी सांगलीच्या. माहेरी सहा वर्षे गाणे शिकलेल्या. लग्न होऊन रत्नागिरीस आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक तानपुरा आला. सासूबाईंनी काही मनाई केली नाही. "आधी घरातलं आटप, मग गा हो," एवढेच त्या म्हणत, आणि घरातले कधी आटोपत नसे. पुढे मुलगा झाला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्या गेल्या, मुलगा नोकरीला मुंबईला गेला. तानपुरा माजघराच्या भिंतीला खुंटीवर, कापडी गवसणीत टांगलेला होता. अप्पांच्या मोजणीप्रमाणे त्या गवसणीची गाठ अठ्ठावीस वर्षे सुटली नव्हती.

"मग त्यांना गायला सांगा," मी म्हणालो. मला ते सोपे उदाहरण वाटले.

"सांगितलं तर सोडील हो ती गाठ. नवऱ्याने सांगितलं म्हणून सोडील, माझ्यासमोर बसून दोन ओळी म्हणून दाखवील, परत बांधून ठेवील. चाचणी परीक्षा दिल्यासारखं. त्याला काय अर्थ? तिला आपलं आपण वाटायला हवं. म्हणून गाणंच घरात आणतो मी. पहिल्या वर्षी नाही वाटलं, दुसऱ्या वर्षी नाही. कधीतरी वाटेल. फक्त तिनं सतरावर बसून एक बैठक नीट ऐकायला हवी."

"मग बसत का नाहीत?"

"बुजते," अप्पा म्हणाले. "चार माणसांत बुजते ती."

वहिनी बुजऱ्या आहेत, असे माझ्या कधी पाहण्यात आले नव्हते. नारळ पाडणाऱ्याने झाडावरूनच दर वाढवून मागितला, तर "खाली ये, मग बोलू, तोवर शिडी मी काढून ठेवते," म्हणणाऱ्या त्या बाई. परंतु शास्त्रात प्रयोग करणाऱ्याचे निरीक्षण ग्राह्य धरावे लागते, म्हणून मी ते मानले.

बैठकीच्या सकाळी काय घडे, तेही नोंदवतो. अप्पा दर थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दाराशी जात.

"अगं, ये ना आता. सुरू झालं."

"येते हं. एवढं आधण उतरवते नि येते."

अप्पा परत फिरत. पुन्हा जात.

"अगं, आलाप संपत आला."

"अहो, चाळीस कप आहेत. गवयाचा बिनसाखरेचा वेगळा. तुम्ही व्हा पुढे."

चहा दोनदा होई, मध्यंतराच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा. त्याखेरीज ओले खोबरे घातलेले पोहे. गाण्याचा मान राखला जावा म्हणून अप्पा दर वर्षी एखादा पदार्थ वाढवीत. तिसऱ्या वर्षी नारळाच्या वड्या आल्या. पाचव्या वर्षी घावने आली. शेजारच्या बायका मदतीला उठत, तर वहिनी त्यांना परत बसवीत: "तुम्ही ऐका हो, माझं होतच आलंय." सारे संपून माणसे पांगली की अप्पा आत जाऊन विचारीत, "काय, कसं झालं गाणं?"

"छान झालं," वहिनी म्हणत. "चहा पुरला ना सगळ्यांना?"

आणि अप्पा माझ्याकडे पाहून मान हलवीत. यंदाही नाही, असा त्याचा अर्थ.

पत्नीने गाणे ऐकावे म्हणून गाणे ठेवावयाचे आणि ते ठेवल्यामुळेच तिला स्वयंपाकघरात उभे करावयाचे, ही चूक सहा वर्षे चालली. ती माझ्याही लक्षात आली नाही, हे येथे लिहिणे मला भाग आहे. मी त्या घराचा नकाशा स्वतः काढला होता, पट्टी लावून, प्रमाण देऊन. तरीही आली नाही.

सातव्या वर्षीच्या बैठकीला मिरजेच्या मालतीबाई येणार होत्या. त्या शनिवारी दुपारी त्या दोन शिष्या आणि दोन तानपुरे घेऊन आल्या, आणि त्याच संध्याकाळी विहिरीच्या पायरीवर वहिनींचा पाय मुरगळला. घोटा सुजून आला. उभे राहता येईना. पत्रे गेलेली, तीस जागा वाटलेल्या. बैठक पुढे ढकलणे शक्य नव्हते.

"चहा मी करतो," अप्पा म्हणाले.

वहिनी लेप लावलेला पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. "तुम्ही? तुम्हाला साखरेचा डबा माहित्ये का कुठला?"

"विचारीन."

"कुणाला?"

"तुला. तू सतरावर बस. तिथून स्वयंपाकघराचं दार समोर दिसतं. मी डबा उचलून दाखवीन, तू मान हलव."

वहिनी हसल्या. पण दुसरा उपाय नव्हता. पाय सरळ ठेवून टेकायला खांब पाहिजे होता आणि तो सतराजवळच होता. रविवारी सकाळी शेजारच्या दोघी बायकांनी धरून त्यांना तेथे नेले. चाळीस माणसांच्या देखत त्या सतराव्या जागेवरच्या धुतलेल्या चादरीवर बसल्या. उस्मानभाई माझ्या कानाशी लागून म्हणाले, "म्हणजे बडा पाहुणा घरातच होता तर."

मी अप्पांच्या मदतीला आत गेलो. माझे काम कप मोजण्याचे होते.

आमच्या आळीत तेव्हा कोणाचा गॅसचा नंबर लागलेला नव्हता. स्वयंपाकघरात पितळेचे दोन पंपाचे स्टोव्ह होते. एकावर दूध, एकावर आधण. अप्पांनी चाळीस कपांचे पाणी मापाने घेतले, साखर मापाने घेतली, पंप मारला आणि स्टोव्ह पेटले. त्यांचा आवाज सुरू झाला. ज्यांनी पंपाचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना या आवाजाचे वर्णन करावे लागणार नाही. इतरांसाठी सांगतो: कौलांवर सतत वाळू ओतल्यासारखा तो असतो.

काही वेळाने अप्पांनी मान वर केली. "मास्तर, सुरू झालं का हो?"

"झाले असावे. नऊ वाजून गेले."

"मग ऐकू का नाही येत?"

"अजून तानपुरे लावीत असतील."

अप्पांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. "बाईंचा आवाज बसला की काय? रात्री ताक दिलंस का विचारायला हवं होतं हिला. जा, बघून या."

मी दारातून पाहिले. मालतीबाईंचा तोडीचा आलाप रंगात आलेला होता. पायरीवरची गुणांबाहेरची माणसेसुद्धा स्तब्ध बसली होती. मी परत येऊन तसे सांगितले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले, स्टोव्हकडे पाहिले. मग खाली वाकून एका स्टोव्हची चावी सोडली. फुस्स करून हवा गेली. मग दुसऱ्याची सोडली. स्वयंपाकघर गप्प झाले, आणि त्याबरोबर भिंतीमागून मालतीबाईंचा आवाज सरळ आत आला. एकेक स्वर वेगळा ऐकू येत होता.

अप्पांनी काडी ओढून स्टोव्ह पुन्हा पेटवला. आवाज गेला. विझवला. आला. पेटवला. गेला. प्रयोग तीनदा केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, हे अप्पा पाळत असत. तिसऱ्यांदा विझवल्यावर त्यांनी पुन्हा पेटवला नाही. कोनाड्यातली वही काढली, एकतिसाच्या खाली बत्तीस लिहिले, त्यापुढे "स्वयंपाकघर" लिहिले आणि गुणांच्या रकान्यात शून्य काढले. मला त्यांनी गुण विचारले नाहीत. उस्मानभाईंनाही बोलावले नाही.

मग ते पाटावर बसले.

"सहा बैठका, मास्तर."

मी हातातला कप खाली ठेवला.

"सहा बैठका तिनं हे ऐकलं." त्यांनी स्टोव्हवर हात ठेवला. तो तापलेला होता. त्यांनी तो सावकाश काढून घेतला. "आणि मी दर वेळी आत येऊन विचारायचो, कसं झालं गाणं. ती म्हणायची, छान झालं."

मी रिकामे कप पुन्हा मोजले. चाळीसच होते.

मध्यंतर झाले. बाहेर माणसे चहाची वाट पाहू लागली. आधण कोमट झाले होते. अप्पा दारात गेले आणि त्यांनी जाहीर केले, "आज चहा नाही. पोहेही नाहीत. पाणी माठात आहे, ज्याचं त्यानं घ्यावं. बाई, आपण पुढे म्हणा." माणसे एकमेकांकडे पाहू लागली. वहिनींनी खांबापाशी बसल्या बसल्या अप्पांना हाताने खूण केली: काय झालं? अप्पांनी साखरेचा डबा उचलून दाखवला. वहिनींनी मान हलवली. अप्पांनी डबा खाली ठेवला आणि ते पुन्हा आत येऊन, बंद स्टोव्हपुढे, पाटावर बसून राहिले. उरलेले गाणे त्यांनी तेथून ऐकले. एवढ्या वर्षांत बैठक चालू असताना ते बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

बैठक संपली. माणसे गेली, जाताना मामलेदार म्हणाले की चहा नव्हता तरी झोप लागली नाही, हे विशेष. मालतीबाई तेवढ्या वहिनींजवळ बसल्या होत्या. अप्पा पंच्याला हात पुसत बाहेर आले आणि सवयीने विचारून गेले, "कसं झालं गाणं?"

विचारल्यावर ते तसेच थांबले. मला वाटते, प्रश्न परत घ्यावा असे त्यांना झाले असावे.

वहिनींनी मात्र उत्तर दिले. मध्यंतरानंतर डाव्या तानपुऱ्याचा पंचम उतरला होता, असे त्या म्हणाल्या. मालतीबाईंच्या लक्षात आले होते, पण शिष्येला संकोच वाटू नये म्हणून त्या बोलल्या नाहीत, होय ना? मालतीबाई म्हणाल्या, होय. आणि तोडीतला गंधार बाई ज्या जागी लावत होत्या त्या जागी आपले गुरुजीही लावीत, फक्त ते त्यावर जास्त थांबत. आणि दुसऱ्या बंदिशीचा अंतरा आपण जरा वेगळा शिकलो आहोत. वहिनी बराच वेळ बोलत होत्या. त्यातले अप्पांना काही कळत नव्हते आणि मलाही नाही. अप्पा पंचा हातात धरून, वर्गात उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखे, खांबापाशी उभे होते.

"आणि तो भिंतीवरचा कुणाचा?" मालतीबाईंनी विचारले.

"माझा," वहिनी म्हणाल्या. मग अप्पांकडे वळून, "अहो, मला उठता येत नाही. जरा देता का काढून?"

अप्पांनी तानपुरा खुंटीवरून उतरवला, दोन्ही हातांनी आणून वहिनींच्या पुढ्यात आडवा ठेवला, आणि गवसणीच्या गाठीला हात न लावता माझ्या दंडाला धरून मला आत नेले. "चला मास्तर," ते म्हणाले, "कप विसळायचे राहिलेत." कप कोणी वापरलेलेच नव्हते. आम्ही ते सगळे विसळले. बाहेरून गाठ सुटल्याचे कळण्यासारखा काही आवाज येत नाही. नंतर फक्त वहिनी म्हणाल्या ते ऐकू आले: "तारा साफ गंजल्यात हो. एकही वाचली नाही." आणि मालतीबाई म्हणाल्या, "मिरजेहून पाठवते. पत्ता द्या."

तारा आल्या. पुढे वहिनी गाऊ लागल्या का, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. गाऊ लागल्या; चारचौघांत नाही. दुपारी सारे आटोपले की, आणि पुढे पुढे आटोपले नसले तरीही, त्या माजघराचे दार लोटून घेत आणि तास-दीड तास बसत. त्या वेळी अप्पा ओटीवरही नसत. ते अंगणात, तुळशीच्या पलीकडे, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर बसलेले दिसत. मी एकदा जवळ जाऊन विचारले की घरात साडेनऊ गुणांची जागा असताना ते एवढ्या लांब का बसतात.

"आत गेलो तर थांबते ती," अप्पा हळूच म्हणाले. "इथून चालतं."

"या जागेला गुण किती द्यावेत?"

अप्पांनी हाताने मला गप्प बसण्याची खूण केली आणि थोडे सरकून गडग्यावर जागा करून दिली. मला तेथून फारसे ऐकू आले नाही. त्यांना येत होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. वहीप्रमाणे ते सतरा असे येते. परंतु ज्या रीतीने ते काढले तीत एक दोष राहून गेला होता: माणसे बसतात त्या जागा आम्ही तपासल्या, माणूस उभे असते ती तपासली नाही. अन्य घरांत काय स्थिती आहे हे मला माहीत नाही आणि माहीत नसताना नियम सांगणे योग्य नव्हे. म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या घरी गाणे असेल, पाहुणे असतील, निदान रेडिओ लागलेला असेल, तेव्हा पाच मिनिटे उठावे, स्वयंपाकघरात जाऊन तेथे जे कोणी असेल त्याच्या शेजारी उभे राहावे, आणि काय ऐकू येते ते स्वतः तपासून पाहावे.